विमावाल्या अक्का

विम्याचे इतर एजंट 'काही बरंवाईट झालं तर' असं म्हणायचे. अक्का सरळ विचारायच्या, "उद्या मेलास तर बायकोनं काय करायचं?" कामगार डाफरायचा, शेजारचे हसायचे, तोवर अक्कांनी पिशवीतून फॉर्म काढलेला असायचा. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या फौंड्रीसमोर, चहाच्या गाड्याजवळ, त्या रोज दुपारी शिफ्ट सुटताना उभ्या असत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी फौंड्रीच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, कारकून होतो.

अक्का मूळच्या निपाणीकडच्या. मला 'तम्मा' म्हणायच्या, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. पहिल्यांदा त्यांनी मला गाठलं तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "आम्हाला कारखान्याचा विमा आहे, अक्का. फुकट."

"फुकट हाय तर सोडू नकोस. पण त्यो नोकरीचा विमा हाय, तुझा न्हाय. तू गेटाबाहेर पडलास की त्यो आतच ऱ्हातोय."

हे त्यांना पुस्तकातून कळलं नव्हतं. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, दुसऱ्या एका फौंड्रीत साचे करणारे मोल्डर होते. सुपरवायझरशी वाजलं आणि त्यांनी रागाच्या भरात नोकरी सोडली. महिनासुद्धा झाला नाही, छातीत कळ येऊन ते गेले. अक्का कारखान्यात विचारायला गेल्या, तर खिडकीतल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, सोडून गेलेल्या माणसाचा विमा नसतो. पुढच्या वर्षी अक्कांनी एजन्सीची परीक्षा दिली. पदरात शाळेत जाणारी मुलगी होती.

फॉर्मवर खोटं लिहू द्यायच्या नाहीत. आमच्या भट्टीवरच्या शंकरमामांना साखरेचा आजार होता. ते हळूच म्हणाले, "साखरेचं लिहू नका की. कोण बघतंय?"

"तुम्ही मेल्यावर बघत्यात, शंकरराव. मग बायकोला हात हलवत परत धाडत्यात. मी न्हाई लिवणार खोटं."

खरं लिहिलेला फॉर्म नामंजूर होऊन आला. अक्कांनी मामांना तोंडावर सांगितलं, "आता तुम्हाला कारखान्याचाच आधार. काय बी होऊ दे, नोकरी सोडू नका." मला मात्र त्यांनी सोडलं नाही. लग्न ठरल्याचं कळलं त्याच आठवड्यात माझ्याकडून माझ्या नावावरचा विमा उतरवून घेतला.

अक्का कामगारांना भडकवतात, असं आमच्या मॅनेजरचं मत होतं. त्यानं वॉचमनला पाठवलं. वॉचमन बिचारा चाचरत म्हणाला, "अक्का, सायबांनी हलायला सांगिटलंय."

"गेटाच्या आत तुझ्या सायबाचं राज्य. रस्ता सरकारचा हाय. जा, सांग त्येला."

दुसऱ्या दिवशी अक्का घरून स्टूल घेऊन आल्या आणि बरोबर गेटासमोर बसल्या.

मग मंदी आली. दोन पाळ्यांची एक झाली आणि कमी करायच्या माणसांची यादी माझ्याकडे टाइपाला आली. त्यात शंकरमामांचं नाव होतं. मी अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कारखान्याच्या विम्याचा मूळ कागद कुटं हाय? माणूस सुटल्यावर काय, ते वाच."

कागद माझ्याच कपाटात होता. इतक्या वर्षांत मी तो उघडलाही नव्हता. बारीक इंग्रजीत शेवटच्या पानावर लिहिलं होतं: नोकरी सुटल्यापासून महिन्याच्या आत अर्ज केला, तर तोच विमा स्वतःच्या नावावर, स्वतः हप्ता भरून चालू ठेवता येतो. डॉक्टरी तपासणी नाही. मी बाहेर जाऊन अक्कांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"आमच्या मालकांच्या कागदात बी असंच असंल, तम्मा. मला कुणी वाचून दाखवलं न्हाई."

मी ते कलम मराठीत लिहून नोटीस बोर्डावर लावलं. मॅनेजरनं फाडलं. मी दुसरं लावलं. त्यानं केबिनमध्ये बोलावून विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

"आपल्याच कागदात आहे, साहेब."

संध्याकाळी मला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. बाहेर अक्का स्टुलावर उभ्या राहून मी त्यांना लिहून दिलेला तिसरा कागद खणखणीत आवाजात वाचत होत्या. पुढचे तीन दिवस त्या तेवढंच करत होत्या. वॉचमनसुद्धा ऐकत उभा राहायचा. कमी केलेल्यांपैकी बहुतेकांनी अर्ज दिले. पहिला अर्ज शंकरमामांचा होता.

माझ्या घरी मात्र आकांत झाला. अक्का स्वतः आल्या आणि आईला म्हणाल्या, "पोराला मी नादाला लावलं. शिव्या द्यायच्या तर मला द्या." आईनं मनसोक्त दिल्या, आणि मग चहा टाकला.

चारेक वर्षांनी शंकरमामा गेले. सगळे कागद अक्कांनी आणि मी मिळून पुरे केले. चेक आला त्या दिवशी मामी अक्कांच्या पाया पडायला वाकल्या. अक्कांनी त्यांना दंडाला धरून उभं केलं. "उपकार म्हणून घिऊ नका. मालकांनी म्हैन्याच्या आत सही केली, म्हणून आलंय. हक्काचं हाय." बाहेर आल्यावर मात्र त्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून खूप रडल्या. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

पुढे त्यांच्या मुलीला बेळगावात नोकरी लागली आणि अक्का तिकडे निघाल्या. मी एसटी स्टँडवर सोडायला गेलो. तोवर मी गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात होतो. अभिमानानं सांगितलं, "आमच्याकडं नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला मी विम्याचा कागद देतो, अक्का. मराठीत. सहीसुद्धा घेतो."

"वाचून दाखवतोस का?"

"नाही. देतो."

"मग त्या खिडकीतल्या माणसात आन् तुझ्यात काय फरक?" म्हणाल्या आणि गाडीत चढल्या. खिडकीशी बसून त्यांनी हात केला. पुन्हा भेट झाली नाही. दोन वर्षांनी मुलीचं पत्र आलं, तेव्हा सगळं आटोपलं होतं.

स्टँडवरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा एक फिटर राजीनामा द्यायला आला. त्याला गडहिंग्लजची गाडी गाठायची होती. म्हणाला, "कुठं सही करायची तेवढं सांगा." मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, त्याला समोर बसवलं, आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.