गिरणीच्या दारातला माणूस

कोळशाचं चित्र पुसू नये म्हणून मारायच्या फिक्सेटिव्हच्या फवाऱ्याचा उग्र वास आला की पनवेलची ती बंद भातगिरणी आठवते. पाडण्याआधी ती कोळशाने कागदावर उतरवावी म्हणून मी दुपारभर उन्हात बसलो होतो. म्हातारा राखणदार म्हणाला, "दारात माज्या भावाला काडा. बॉयलर फुटला तवा तो तितंच होता." तो सांगत गेला तसा मी चेहरा काढला. "तोच हाय," म्हणत त्याने त्यावर अंगठा फिरवला आणि चेहरा पुसला गेला. फवारा मारण्याआधी कागद कुणाच्या हाती देऊ नये, एवढंही मला सुचलं नव्हतं. काळ्या अंगठ्याकडे बघत तो म्हणाला, "तवा पन आमाला त्याचा तोंड बघू दिला नाय." मी पुन्हा काढायला धजलो नाही, तसाच फवारा मारला. चित्र अजून भिंतीवर आहे. दारातल्या माणसाला चेहऱ्याच्या जागी भावाचा अंगठा आहे.