मॅडम वावरात गेल्या हायेत

जीप शाळेच्या फाटकासमोर थांबली तवा माह्या हातात खिचडी ढवळाचा सराटा होता, चुलीवर खिचडीचा गंज होता, आन शाळेत शिकवणारं कोणीच नव्हतं. मोठे सर केंद्रावरच्या मीटिंगले गेलते. मॅडम अजून आल्या नव्हत्या. पोट्टे एकमेकाच्या आंगावर खडू फेकून राह्यले होते. मी खिचडीवाली, मी काय करू? जीपमधून पंचायत समितीचे साहेब उतरले.

ज्याईले माहीत नाई त्याईले सांगते. आमची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत हाये, दोनशिक्षकी. म्हणजे वर्ग चार आन मास्तर दोन. दोन-दोन वर्ग एका खोलीत बसतेत. माह्या भावाच्या वेळेस पोरगं महिनाभर नेमानं शाळेत आलं का तांदूळ पिशवीत घरी भेटे. मंग सरकारनं ठरवलं का शिजवूनच द्या, घरचे पोराचा तांदूळ खाऊन टाकतेत. तवापासून गावोगाव चुली आल्या आन माह्यासारख्या बाया कामाले लागल्या. मले गावच्या समितीनं लावलं. कागदावर आमाले स्वयंपाकी म्हणतेत. पोट्टे समदे मावशी म्हणतेत.

माही पोरगी पायल पहिलीत. तीबी मले शाळेत मावशीच म्हणे. लाईनमधी ताट घेऊन उभी राहे आन म्हणे, "मावशी, अजून वाढा." पहिल्या दिवशी मी हासली. घरी गेल्यावर इचारलं, "काऊन वो, मी तुही मावशी हाये?" तर म्हणे, "मॅडमनं सांगतलं, शाळेत समदे सारखे."

मॅडम म्हणजे रेखा. आता हे कसं सांगू. रेखा आन मी रोहण्याजवळच्या एकाच गावच्या, एकाच बाकावरच्या. चौथीपर्यंत गावात शिकलो, पाचवी ते सातवी शेजारच्या गावात पायदळ. पाढे मले तिच्यापेक्षा पहिले पाठ होत. आठवीची शाळा लांब होती. तिचा बाप तिले सायकलवर बसवून नेऊन देत जाय. माह्या घरी लहाना भाऊ रांगत होता, माय निंदाले जाय, त्याले कोण पाहीन? मी राह्यली घरी. पुढं पोरीयले एसटीचा पास फुकट झाला म्हणते. तवा मी सासरी भाकरी थापत होती. रेखा दहावी झाली, बारावी झाली, डीएड झाली, आन सरकारनं फिरवून फिरवून तिले माह्याच सासरच्या शाळेत टाकलं. एवढा मोठा आर्वी तालुका, हिले हेच गाव भेटलं!

ती स्कुटीवर येई. साडीले पिना. मी चुलीतला धूर डोळ्यात घेऊन पाहत राहो. पायल घरी येऊन मॅडमसारखी येणी घाले. मी पाटीवर 'क' काढून देला तर पुसून टाकला, म्हणे, "मॅडमचा क असा नाई." त्या दिवशी मी जेवलीच नाई.

तर ते साहेब. वर्गाच्या दारात उभे राह्यले, पोट्टे चिडीचूप.

"शिक्षक कुठं आहेत?"

मी पदराले हात पुसत गेली. "मोठे सर मीटिंगले, जी."

"ते मला माहीत आहे. मॅडम?"

आता यातला नियम समजून घ्या. मास्तरानं नोकरीच्या गावातच राहाव लागते. कागदावर रेखा आमच्याच गावात खोली करून राहे. खरी राहे आर्वीले. रोज येणं-जाणं, त्याले अपडाऊन म्हणतेत. समदेच करतेत, साहेबायलेबी ठाऊक असते, फक्त सापडाचं नाई. आन रेखा पक्की नव्हती. नवीन मास्तर पहिले तीन वर्सं शिक्षणसेवक राह्यते, पगार थोडकासा, काम पुरं. त्यात साहेबाचा शेरा वाईट पडला का नोकरी पक्की होत नाई, कोणाकोणाची तर जाते. तिचं तिसरंच वर्स चालू होतं.

म्हणजे मी नुसतं म्हटलं असतं ना, "मॅडम आर्वीहून येतेत, जी, रोजच उशीर होते," तर काम झालं होतं. खोटंबी नव्हतं. शब्द माह्या दातापर्यंत आले होते. खरंच सांगते, गोड लागून राह्यले होते.

तेवढ्यात पायल उभी झाली. हाताची घडी, मान सरळ. "मॅडम वावरात गेल्या हायेत. पोरायले आणाले."

कापूस वेचाचे दिवस होते. अर्धे पोट्टे मायसोबत वावरात जात, लहान भावंडं सांभाळाले नाईतर वेचाले. मास्तरानं जाऊन बलावून आणाव असा वरून आदेश होता. पण आजवर कोणताच मास्तर बांधाच्या पुढं गेला नव्हता.

साहेबानं माह्याकडं पाह्यलं. "खरं आहे का, बाई?"

आता काय म्हणू? नाई म्हणू तर माही लेक साहेबासमोर खोटारडी. हाव म्हणू तर रेखाची नोकरी मीच वाचवली. पायल माह्याकडं पाहे.

"हाव जी," मी म्हटलं. "रोजच जातेत." हे 'रोजच' माह्या तोंडातून कसं गेलं, देवाले ठाऊक.

"छान! मी थांबतो मग." आन साहेब खुर्चीवर बसले.

थांबतो? रेखा आता स्कुटीवर फुर्रकन शाळेत येईन आन आमी तिघीबी मेलो! मी पाण्याची गुंडी उचलली. "पाणी आणते, जी," म्हटलं आन बोअरिंगकडं पळाली. बोअरिंग आर्वीच्या रस्त्यावरच हाये. तिथं हापशाचा दांडा धरून उभी राह्यली, पाणी वाहून जाये, माहं लक्ष रस्त्यावर. रेखाची स्कुटी आली एकदाची, मी आडवी झाली.

"काय वो वंदे, रस्त्यात काऊन आली? गाडीखाली येतं का?"

"साहेब बसले हायेत वर्गात."

तिनं गाडी बंद केली. "अवो माय! माह्या पोराले ताप होता गं, रातभर झोपला नाई... आता कसं?"

मले वाटलं, हिले कारण तरी सांगता येते. मले शाळा काऊन सोडली, हे कोणी इचारलंबी नाई.

"गाडी इथंच ठेव बोअरिंगमागं. वावरात जाय. तू पोरायले आणाले गेली हाये, असं सांगतलं."

"कोणी सांगतलं? तू?"

"मी कायले सांगीन? पायलनं."

"बाप्पा! पण कोणत्या वावरात?"

"जिथं डोके दिसन तिथं. पळ!"

तिच्या पायात उंच टाचेच्या चपला होत्या. धुऱ्याच्या बांधावर दोनदा वाकडा झाला पाय. मले बरं वाटलं, लपवून काय करू. मंग चपला हातात घेऊन ती कापसाच्या पराठीत घुसली.

मी गुंडी घेऊन परत आली. साहेब पोरायले पाढे म्हणाले लावून राह्यले होते. बऱ्याच वेळानं रेखा आली. केसायले कापूस चिकटलेला, पिना सुटलेल्या, काठाले काटे, आन मांगं चार-पाच पोट्टे, एकाच्या कडेवर बहीण. साहेब उठून उभे राह्यले. उभे! रेखासाठी!

"वा मॅडम! अशी तळमळ पाहिजे."

रेखा दम टाकत म्हणे, "कर्तव्य हाये, सर."

कर्तव्य म्हणे. मी दाराआड ओठ चावले. आन मंग नाकात वास आला. खिचडी!

धावली, पण गंजाचं बूड कोळसा झालं होतं. मी वरची-वरची काढून वाढली, तरी करपट ते करपटच. साहेबानं एक घास घेतला, दुसरा घेतला नाई. शेरेबुक मांगवलं. ती साहेब लोकायची वही असते, आले का त्यात लिहून जातेत. जीप गेल्यावर मी वाचलं, सातवीपर्यंतचं वाचता येते मले. रेखाच्या नावानं चार ओळी, समद्या गोड. खाली माह्यासाठी एक: "खिचडी करपलेली, स्वयंपाकीस समज द्यावी."

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरानं बलावलं.

"समज द्या म्हणते साहेब."

"हाव सर."

"दिली. जाय आता, गंज घास."

रेखा चुलीजवळ आली. "वंदे, तुह्यामुळं वाचली वो मी."

"माह्यामुळं नाई. मी तर सांगणारच होती," मी म्हटलं. ती हासली. तिले वाटलं मी गंमत केली.

घरी पायलले धरलं. "साहेबासमोर खोटं काऊन बोलली?" तर म्हणे, "मॅडम सांगते, साहेब आले का घाबराचं नाई, उत्तर द्याचं."

साहेबानं तालुक्याच्या मीटिंगमधी रेखाचं उदाहरण देलं. समद्या मास्तरायले सांगतलं, त्या मॅडमसारखं वावरात जा. मंग काय, तिले खरंच जाव लागे. वेचणी संपेपर्यंत सकाळी लवकर येऊन बांधाबांधानं फिरे. चपला सपाट घेतल्या. पोट्टे वाढले, हजेरी वाढली. मले मोठा गंज आला, तांदूळ जास्त, धूर जास्त, मी एकटीच. पुढच्या उन्हाळ्यात तिची नोकरी पक्की झाली. पेढे वाटले. माह्या हातावर दोन ठेवले, मी दोन्ही पायलले देले.

अजूनबी स्कुटीचा आवाज आला का माह्या पोटात दुखते. ते काही जात नाई. पण नवीन कोणी बाई खिचडीच्या कामाले लागली का मी तिले एक गोष्ट सांगते. साहेबाची जीप दिसली का पहिले चुलीतलं लाकूड मांगं वढजो, मंग कोणाची नोकरी वाचवाची ते वाचवजो.