सिपोराताईंचा जोडनवस

सिपोराताई पेणकरांचा उजवा हात आता कोपरातून सरळ होत नाही. इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊला त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून आहे. तो हात मोडला त्या दुपारी मी पलीकडे वरणाला फोडणी देत होते.

ताई बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. माहेर अलिबागकडचं, मराठी माझ्यापेक्षा ठसक्याची. नवरा गेला, मूलबाळ नाही. आम्ही दोघी एकाच शाळेत डिनर लेडी होतो, पोरांना दुपारचं जेवण वाढायचो. पुतण्या बेंजी लंडनात ईलिंगला असतो. त्याची बायको लवकर गेली, म्हणून त्याचा जोएल ताईंनीच वाढवला. तो मोठा झाला आणि हट्टानं इस्रायलला जाऊन तिथल्या सैन्यात शिरला.

आणि ताईंच्या वरच्या खोलीत भाडेकरू कोण, तर हिशाम. गाझातल्या खान युनिसचा. इथे वेअरहाऊसमध्ये माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवायचा. ताई त्याला नारळाच्या रसातलं कालवण वाढायच्या आणि म्हणायच्या, "खा रे. तुझ्या देवाला डुक्कर चालत नाही, माझ्या देवालाही नाही. एकाच खानावळीतले दिसतात दोघे!" त्याची आई सुआद व्हिडिओवर यायची. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती, तरी पातेली उघडून दाखवत दोघी कितीतरी वेळ बोलायच्या.

मग लढाई पेटली. जोएलची तुकडी गाझात गेली, सुआदबाईंचा फोन बंद पडला. ताईंच्या घरात एलियाहू हन्नाबीची, त्यांच्या पैगंबराची, तसबीर आहे. संकटात त्याला नवस बोलायचा आणि माणूस सुखरूप राहिलं की मलिद्याचं ताट करायचं. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. ताईंनी नवस बोलला, पण एका श्वासात दोन नावं घेतली. जोएल आणि सुआद, दोघं सुखरूप असली तर मलिदा करीन.

मला त्यांनी हे नंतर सांगितलं. मी गुरुवार करणारी बाई, नवसाची गाठ मला कळते. म्हटलं, "ताई, वेगवेगळे बोलायचे होते हो. एकाचं अडलं की दुसऱ्याचंही अडतं."

"तोंडातून गेलं खरं. आता देवाला काय सांगू, चुकून बोलले?"

जोएल धड हातापायांनी परत आला. त्या रविवारी बेंजी पोहे, नारळ, फळं घेऊन आला. भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"काकी, ताट मांड. लोक यायचेत."

"नाही मांडता येत. सुआदचा पत्ता नाही अजून."

"कोण सुआद? त्या वरच्याची आई? माझ्या पोराच्या जिवाला तिची धोंड बांधलीस? आता हा न फेडलेला नवस पोराच्या मानेवर बसणार!"

आईचं नाव ऐकून हिशाम जिना उतरला. ताईंनी त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं. बिचारीला वाटलं, याला तरी बरं वाटेल. तो ओरडलाच. "माझ्या आईचं नाव शिपायाच्या नावाला बांधलंत? आंटी, तो तिथे घरं पाडायला गेला होता! कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

बेंजी उसळला, "शिपाई कोणाला म्हणतोस? मुलगा आहे माझा! तुमच्या लोकांनी घरांत शिरून माणसं मारली, तेव्हा कुठे होतास?"

"इथेच! फोर्कलिफ्ट चालवत होतो!"

मी गॅस बंद करून धावले. दार उघडंच होतं. हिशामनं फळं भिंतीवर भिरकावली होती. बेंजीच्या हातात नारळ होता, तो त्यानं तसाच हिशामच्या तोंडावर हाणला. दात तुटल्याचा आवाज मी दारातून ऐकला. हिशामनं त्याची मान धरून डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं, पुन्हा आपटलं. ताई मध्ये घुसल्या. दोघांपैकी कोणीतरी त्यांचा हात पिरगळला. कोणी, ते त्यांनी पोलिसांनाही सांगितलं नाही. एक पाकीट फुटून खाली सांडलेले पोहे रक्तानं भिजले होते आणि ताई त्यातच बसून म्हणत होत्या, "तुडवू नका रे, पोहे तुडवू नका."

हिशाम घर सोडून गेला. पुढे एकदा सामान न्यायला आला, जबडा तारेनं बांधलेला. दातांतूनच म्हणाला, "आई गेली. पडलेल्या घराखालीच होती. तिचं नाव आता घेऊ नका." किल्ली जिन्यावर ठेवली आणि निघाला.

बेंजीनं फोनवर सांगितलं, "सुटली ना गाठ? आता कर माझ्या पोराचा मलिदा."

ताईंनी फोन ठेवून दिला.

मग जोएल स्वतः आला. मी ताईंची वेणी घालत होते, एका हातानं त्यांना जमत नव्हतं. तो म्हणाला, "आजी, डॅड म्हणतो तू माझी मलिदा करत नाही." मग जरा थांबून विचारलं, "ती बाई कुठे राहायची?"

"खान युनिसला. पिठाच्या गिरणीमागे, निळ्या फाटकाचं घर."

पोराचं तोंड उतरलं. उठला, सिंकपर्यंत कसाबसा गेला आणि भडाभडा ओकला. ताईंनी डाव्या हातानं त्याची पाठ चोळली, लहानपणी चोळायच्या तशी.  मी नळ सोडला.

तोंड पुसून तो म्हणाला, "माझ्यासाठी नको करू. प्लीज. कधीच नको करू."

तो गेल्यावर ताईंनी फडताळातून बेंजीनं त्या रविवारी आणलेल्या पोह्यांचं न फोडलेलं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "न्या तुम्ही. कांदेपोहे करा. अन्न आहे, टाकू नका."

ते माझ्या डब्यात तसंच आहे. दर गुरुवारी उपास सोडताना डबा उघडते. पोहे भिजवायला हात धजत नाही.