वाळूतल्या चार रेघा

आमचे मालक गेले त्यानंतर तेरावं उरकलं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला फिशटँकच्या वाळूत चार रेघा दिसल्या. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि मी आता मुद्दाम घ्यायला जाणार नाही. पुढच्या काचेला लागून, डावीकडनं उजवीकडं ओढलेल्या रेघा. तीन सरळ. चौथी जरा लांब जाऊन बाहेर वाकलेली. चहाचा कप तिथंच खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसले.

त्या रेघा मला ओळखू येत होत्या. मालक शिरोलीला फौंड्रीत मोल्डर होते. दिवसभर लोखंडी पेटीत वाळू ठासायची आणि त्यात साचा उठवायचा, हे काम. आणि घरी आले की पुन्हा वाळूतच हात. फिशटँकचं वेड कुठनं लागलं देव जाणे. पहिल्यांदा त्यांनी कारखान्यातली जळकी काळी वाळू पिशवीभर आणली. "काळ्या वाळूवर मासे कसे उठून दिसत्यात बघ," म्हणाले. संध्याकाळपर्यंत पाण्यावर तवंग आला आणि मासे उताणे झाले. मग नवी, न जळलेली वाळू आणली, पाच-सहा पाण्यांनी धुतली, आणि हाताच्या सवयीनं टाकीत ठासून बसवली. वरनं गवंड्यासारखी करणी फिरवून लेव्हलही केली. दिसायला फरशीसारखी झाली. थोड्याच दिवसांत आत लावलेल्या पाणझाडांची मुळं काळी पडली आणि वाळूतनं सडक्या अंड्याच्या वासाचे बुडबुडे यायला लागले.

शिवाजी पेठेत ज्याच्याकडनं मासे घ्यायचो तो दुकानदार हे ऐकून पोट धरून हसला. "पावणं, लोखंड ओतून कास्टिंग काढायचंय काय? झाडं हायत ती. वाळू दाबली की आत वायू धरतोय, मुळं कुजत्यात. रोज बोटं फिरवा की जरा."

तेव्हापासनं रोज पहाटे, कामावर निघायच्या आधी, मालक बाही वर सारून टाकीत हात घालायचे आणि चार बोटं वाळूतनं हळू ओढायचे. ती पात्यासारखी लांब झाडं मग अशी माजली की मासे शोधावे लागायचे. मालकांची करंगळी वाकडी होती, म्हणून चौथी रेघ वाकडी. मला वाटायचं कामावर पेटी-बिटी पडून वाकली असेल. विचारलं कधीच नाही. संसारात असल्या गोष्टी विचारायला वेळ कुणाला असतो.

कामावरच त्यांच्या छातीत कळ आली. खाली बसले ते उठले नाहीत.

उचगावच्या घरात मग आम्ही दोघीच राहिलो. मी आणि त्यांची आई. सासूला आम्ही आत्ती म्हणतो. आत्ती माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा येऊ द्यायच्या नाहीत. फिशटँकला त्या "डबकं" म्हणायच्या. मालक पाणी बदलताना एक थेंब अंगावर उडाला तरी पुन्हा आंघोळ करायच्या आणि दिवसभर तोंड फुगवून बसायच्या. लेक गेल्यावर त्यांचं बोलणं आणखीच कमी झालं. आधी उजाडल्यावर आंघोळ करणारी बाई आता पहाटे अंधारातच थंड पाणी अंगावर घ्यायला लागली. मी म्हटलं, घेऊ दे. ज्याचं दुःख त्यानं कसं काढायचं ते त्याला ठाऊक.

म्हणजे रेघा ओढणारं घरात कुणी नव्हतं.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी मला देवऋष्याकडं नेलं असतं. दिवेलागणीला मी चमच्यानं वाळू सारखी करून ठेवायची. सकाळी उठून बघितलं की रेघा हजर. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. पहिले काही दिवस बाहेरच्या खोलीत एकटी पाय टाकत नव्हते. पण भीतीपेक्षा दुसरं काहीतरी मोठं होतं. मालक येऊन जातात. मला उठवत नाहीत, पण येतात. मी टाकीशी बोलायला लागले. गॅस संपला, नळाला पाणी आलं नाही, मीटरवाला येऊन गेला, सगळं तिथं उभी राहून सांगायची. टाकीतले मिशीवाले कोरीडोरास मासे वाळूत नाक खुपसून फिरायचे आणि रेघा पुसून जायच्या. उद्या पुन्हा.

त्यापायी मी बांधली गेले. माहेरी भावाच्या घरची वास्तुशांत झाली, मी मुक्कामाला गेले नाही. बहिणीचं बाळंतपण झालं, तोंड दाखवून संध्याकाळच्या एसटीनं परत आले. मी नसताना मालक आले तर. असा विचार एकदा डोक्यात बसला की माणूस निघतच नाही बघा. दोन पावसाळे असेच गेले. भाऊ चिडून म्हणाला, "तुझं काय पुरलंय त्या घरात?"

मग टाकी गळायला लागली. काचेचा जोड सुटला होता. थेंब थेंब पाणी फरशीवर. मासे बादलीत काढले, झाडं घमेल्यात, आणि वाळू उपसून पोत्यात भरली. टाकी शिवाजी पेठेत नेली, दुकानदारानं ती जोडून दिली आणि विचारलं, "वैनी, आता खाली काय घालायचं?"

त्यानं मला सगळं नीट समजावलं. नुसत्या वाळूत झाडांना खायला काही नसतं, म्हणून पानं पिवळी पडलीत. खाली काळी सॉईल, म्हणजे खताची माती घाला, वर झाकायला वाळू नाहीतर बारीक खडी. गोल्डफिश नको, तो झाडं उपटतो. एंजल नको, तो मोठा झाला की लहान टेट्रा खातो. टेट्रा आणि गप्पी चालतील. "खडी घातली तर खालनं पाणी खेळतंय. बोटं फिरवायची कटकट न्हाई. फक्त कोरीडोरास असतील तर खडी नको, त्यांच्या मिशा झिजत्यात."

मी खडी हातात घेतली. तिच्यात बोट ओढून बघितलं. रेघ उमटली नाही. खडे बाजूला झाले आणि परत तसेच बसले.

आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणावर, ते तिथंच कळलं. मालकांवर. न सांगता गेला. गेला तर गेला, वर रोज येऊन चार रेघा ओढून मला दाराशी बांधून ठेवलं. तोंड दाखवत नाही, बोलत नाही, नुसत्या रेघा. जायचं असेल तर जा एकदाचा. मी दुकानदाराला म्हटलं, "खडीच द्या. कोरीडोरास तुमच्याकडं आणून सोडते." रिक्षात बसले तेव्हा मांडीवरच्या पिशवीवर डोळ्यातनं पाणी गळत होतं आणि रिक्षावाला आरशातनं बघत होता.

दारात घमेल्यात खडी धूत बसले. आत्ती बाहेर आल्या. पदर खोचून माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांनी घमेल्यात हात घातला. मी बघतच राहिले. त्यांनी बोटं खडीत खुपसली, ओढली, आणि हात बाहेर काढून झटकला.

"ही नको गं," आत्ती म्हणाल्या. "ह्यात बोटं चालत न्हाईत."

"कुणाची बोटं?"

त्यांनी पुन्हा घमेल्यात हात घातला.

"आत्ती, कुणाची बोटं चालत न्हाईत?"

"माझी. आणि कुणाची?" त्या घमेल्याकडं बघत म्हणाल्या. "त्यो म्हणायचा की, वाळू दाबली तर मुळं कुजत्यात. त्याच्या माघारी कुजू द्यायची व्हय? घालते हात. वर अंगोळ करते. माळ हाय गळ्यात."

मला काय झालं ते सांगता येत नाही. हातातली खडी मी अंगणभर फेकली. ओरडले. म्हटलं, दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलत होते. दोन वर्षं मला वाटत होतं ते येतात. तुम्ही आत पडून सगळं ऐकत होता आणि एका शब्दानं बोलला नाहीत. मालक माझ्यासाठी त्या अंगणात दुसऱ्यांदा गेले. आणि ह्यावेळी माझ्या देखत.

आत्ती उठल्या नाहीत. "ऐकत व्हते," म्हणाल्या. "तू त्याच्यासंगं बोलायचीस ते मला बरं वाटायचं. घरात त्याच्याबद्दल दुसरं कोण बोलतंय?"

"पण चौथी रेघ," मी म्हटलं. मला एवढंच धरायला उरलं होतं. "ती वाकडी असते. त्यांची करंगळी पेटी पडून वाकली होती. तुमची रेघ तशी कशी येईल?"

"पेटी न्हाई का काय न्हाई. जन्मापासनं हाय ती." आत्तींनी ओला हात माझ्यापुढं केला. भाकऱ्या थापून रुंद झालेला, नखांत खडीचं पांढरं. तीन बोटं सरळ. करंगळी बाहेर वाकलेली. "माझ्यावर गेलता त्यो."

इतकी वर्षं मी त्या हातचं जेवले होते. एकदाही हाताकडं बघितलं नव्हतं.

उरलेली खडी परत केली. खाली सॉईल घातली आणि वर पोत्यातली तीच जुनी वाळू धुऊन पसरली. ठासली नाही. कोरीडोरास राहिले, थोडे टेट्रा नवे आणले. मागच्या महिन्यात मी माहेरी चार दिवस राहून आले. आता आत्ती लपूनछपून करत नाहीत. पहाटे मी चहा ठेवते, त्या बाही वर सारतात आणि माझ्या समोरच टाकीत हात घालतात. मी दिवा लावून शेजारी उभी राहते. त्यांच्या तोंडाकडं बघत नाही. वाळूत रेघा उमटत जातात तोवर मी फक्त हाताकडं बघते.