पंधरवड्यात बघितलेली गाडी

गाडी घ्यायची की नाही, यावर आमच्या घरात तीन-चार महिने खल चालला होता, आणि त्यात सगळ्यात जास्त बोललो तो मीच. पिंपळीला आमची भाजी आणि थोडे पेरू. दारात ट्रॅक्टर आहे, माल न्यायचा पिकअप आहे, माझं त्यावर भागत होतं. मोठी गाडी हवी होती ती अक्कासाठी. अक्का माझी थोरली बहीण, इंदापूरच्या अलीकडच्या एका गावात दिलेली. उन्हाळ्यात ती गोठ्यात पाय घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून तिला मोटारसायकलवर बसता येईना की एसटीची पायरी चढता येईना. दर फोनला एकच विचारायची, "मला कवा न्यायला येतूस?"

डॉक्टरांनी बजावलं होतं, खाली वाकून बसायचं नाही, सीट उंच पाहिजे. म्हणजे बुटक्या गाड्या बाद झाल्या. उरली ती सात सीटची एक पांढरी गाडी, जिला मी बारामतीच्या शोरूममध्ये इतक्यांदा बघून आलो की तिथला वॉचमन मला बघितल्यावर चहा सांगायला लागला. प्रत्येक वेळी मी दार उघडायचो, सीटची उंची माझ्या मांडीला लावून बघायचो आणि घरी यायचो. बायको म्हणायची, "अवो, गाडी घ्यायलाय का बैल?"

मार्ग दुसरे नव्हते असं नाही. भाचा म्हणाला होता, "मामा, एक दिवस भाड्याची गाडी करू, मीच आणून सोडतो." बायको म्हणाली, "पिकअपमधी फुडं गादी टाकून बसवा की. वन्सं काय परक्या हायत?" दोन्ही मी उडवून लावलं. त्याला एक कारण होतं, जुनं आणि खरं तर फालतू.

अक्काच्या लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून मी गेलो होतो, सायकलवर. तिची सासू ओट्यावर बसली होती. माझ्याकडं न बघता शेजारणींना म्हणाली, "मुराळी सायकल घिऊन आलाय. नवी नवरी आता क्यारेजवर बसून माहेरला जाणार." बाया हसल्या. अक्का खरंच क्यारेजवर बसली आणि वाटभर पंचमीची गाणी म्हणत आली. तिला काहीच लागलं नाही. मला जे लागलं ते चाळीस वर्षं निघालं नाही. पुढं एसटीनं गेलो, मोटारसायकलनं गेलो, सासू मरूनही जमाना झाला, तरी त्या ओट्यासमोर मला स्वतःची चारचाकी उभी करायची होती. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच म्हणत असावेत.

पितृपंधरवडा लागला. त्या दिवसांत नवी वस्तू कोण घेतो? शोरूममध्ये चिटपाखरू नव्हतं. तिथला विकणारा माणूस माझ्या फेऱ्यांना कंटाळला असणार, पण बोलायला गोड. म्हणाला, "काका, एकदा मावशींना चढता येतंय का तेवढं बघून घ्या. उद्या गाडी घेऊनच जाऊ त्यांच्याकडं. नाहीतरी पंधरवड्यात इथं कोण येतंय?" मला ते पटलं. संध्याकाळी अक्काला फोन केला, "उद्या सकाळी गाडी घिऊन येतो." तेवढंच बोललो. उरलेलं तिनं तिच्या मनानं भरलं.

सकाळी गाडी ओट्यासमोर उभी केली तर अक्का खुर्चीत तयार बसलेली. अंगावर ठेवणीतलं पातळ, चापून चोपून घातलेली वेणी, शेजारी वॉकर, आणि पायाशी दोरीनं तोंड आवळलेली फुगीर कापडी पिशवी. मांडीवर सुनेनं वाटेला बांधून दिलेली भाकरी. माझ्या ध्यानात आलं, आणि मी न आल्यासारखं केलं.

"पिशवी ठिव आदी," अक्का म्हणाली. मी पिशवी मागच्या सीटवर ठेवली. भाच्यानं जेवायचा पाट आणून दाराखाली मांडला. त्यावर एक पाय, मग माझ्या खांद्यावर हात, आणि अक्का वर जाऊन बसली. एकदाही कण्हली नाही. काचेवर हात फिरवून म्हणाली, "ट्रॅक्टरवाणी उच हाय की रं." मी गाडी चालवत होतो, शोरूमचा माणूस शेजारी, अक्का मधल्या सीटवर. ती बाहेर बघत कुणाचा ऊस कसा आलाय ते सांगत होती. कालव्याच्या पुलाशी मी गाडी माघारी वळवली.

"आरं, पिंपळी तिकडं हाय," ती म्हणाली.

"अक्का, गाडी अजून आपली न्हाय. तुला चढता येतंय का बघायला आणलीया. दसऱ्याला घेतो, आन् पहिली तुलाच न्यायला येतो."

 शोरूमचा माणूस बिचारा ओशाळला. म्हणाला, "काका, मला परत बारामतीलाच जायचंय. तुमचं घर वाटेतच आहे. बसू द्या की मावशींना."

आरशात मला अक्काचा चेहरा दिसत होता. ती माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "दुसऱ्याच्या गाडीत न्हाय न्यायची मला. आन् पितरात कुणी माहेरपणाला येतं व्हय?" हे दुसरं कारण मी जागच्या जागी काढलं होतं.

"आरं, मला कशात बी चालतंय," ती म्हणाली. मग पुन्हा आरशात बघितलं आणि म्हणाली, "बरं. दसऱ्याला."

पुन्हा ओट्यासमोर येऊन पाटावरून तिला उतरवलं. पिशवी काढायला गेलो तर तिनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे ती. यायचंच हाय तर पिशवी फुडं जाऊ दे. परत कोण बांधत बसतंय."

पिशवी पिंपळीला आली आणि माजघरातल्या खुंटीला लागली. बायकोनं गाडीत वाकून बघितलं. "वन्सं कुठं हायत?"

"दसऱ्याला."

ती तशीच आत निघून गेली. तिचं असं निघून जाणं मला कधीच सोसलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी जाऊन मी गाडी ठरवली, दसऱ्याच्या सकाळचा मुहूर्त धरला आणि अक्काला फोनवर तारीख सांगितली. ती म्हणाली, "पाट गाडीतच ठिव."

घट बसले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला. चहा घेता घेता अक्काच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायच्या आतच सगळं संपलं.

शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते बारामतीतून घेतलं आणि आम्ही दोघं पिकअपनं निघालो. शोरूमला फोन केला असता तर त्या माणसानं गाडी दिली असती. ते मला सुचलं, आणि सुचल्याची लाज वाटली. पिकअपमध्ये पुढं आम्हा दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा उरते, तिथं ते लुगडं ठेवलं होतं. बायको त्यावर हात ठेवून बसली होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, "बसल्या असत्या की हितं."  अक्काला कशातही चालत होतं. चालत नव्हतं ते मला.

दसऱ्याच्या सकाळी शोरूमचा फोन आला. "काका, गाडी तयार आहे, हार पण घातलाय. किती वाजता येताय?" त्याला अक्काचं माहीत नव्हतं. मी म्हणालो, कळवतो.

बायको माजघरात होती. दोन दिवसांनी दहाव्याला जायचं होतं, तेव्हा भाच्याकडं अक्काच्या वस्तू द्याव्यात म्हणून तिनं पिशवी खाली काढली होती. मला म्हणाली, "घ्या गाडी. पोरांना व्हईल. आता न घिऊन वन्सं माघारी येत्यात का?" तिचं खरं होतं. मी उंबऱ्यावर बसलो आणि ती पिशवी सोडायला लागली. दोन पातळं निघाली, चष्म्याचं घर, तेलाची बाटली. चार दिवसांचं सामान, मी मनात म्हणालो. मग तळातून तिनं एक स्वेटर ओढून काढला. तपकिरी, कोपराला रफू केलेला. त्याच्याखाली लोकरीचे पायमोजे आणि कानाला बांधायचा मफलर.

भादव्यातल्या उकाड्यात बांधलेली पिशवी होती ती. पातळ अंगाला चिकटत होतं अशा दिवसांत.

बायकोनं स्वेटर मांडीवर पसरला. "थंडी काढून जाणार हुत्या," ती म्हणाली. "मला कदी बोलल्या न्हाईत."

एवढं अक्कानं ठरवलं होतं, आणि मी तिला कालव्याच्या पुलापासून माघारी नेऊन सोडलं.

फोन पुन्हा वाजला. मी सांगितलं, गाडी दुसऱ्या कुणाला द्या, आम्ही घेत नाही.

"का काका?" तो म्हणाला. "मावशींना चढता आलं होतं की."

"व्हय," मी म्हणालो. "चढता आलं हुतं."