शेवटच्या अक्षरावरची रेघ

माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर फिटर होता. भर समुद्रात, हृदय बंद पडून, तो गेला. श्रीवर्धनला घरी त्याचं तेरावं उरकलं आणि चार दिवसांनी माझ्या मोबाइलवर एका अनोळखी माणसाचा मेसेज आला. जहाजावरचा स्वयंपाकी, पेरू देशाचा. भाऊ त्याच्याबद्दल सांगायचा तेव्हा आई हसायची, "पेरू नावाचा देश असतो व्हय?"

मेसेज स्पॅनिशमध्ये होता. मोबाइलने भाषांतर करून दिलं: "वाईट वाटतं. मी दोनदा फोन करतो." मी वाट बघत बसले. फोन आलाच तर दोन शब्द बोलता यावेत म्हणून स्पॅनिशची ऑनलाइन शिकवणी लावली. पनवेलची एक मुलगी शिकवायची. मी शाळेत उभा जन्म मराठी व्याकरण शिकवलेलं. वही आखून क्रियापदं चालवणं मला जड नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात भूतकाळ आला. ती म्हणाली, "मॅडम, 'याऽमो' म्हणजे मी फोन करतो. शेवटच्या 'ओ'वर छोटी रेघ दिली की जोर तिथे जातो. 'यामोऽ'. म्हणजे त्याने फोन केला."

"आणि रेघ द्यायची राहिली तर?"

"घाईत बरेच जण देत नाहीत. मागचं-पुढचं बघून ओळखायचं."

मी मेसेज उघडला. रेघ एकाही अक्षरावर नव्हती. त्याने दोनदा फोन केला. माझ्या भावाने.

तो गेला त्या दुपारी मी वाडीत सुपाऱ्या वाळत घालत होते. भलामोठा परदेशी नंबर दोनदा वाजला होता. फसवणारे असतात, म्हणून मी उचलला नव्हता.

तिकडे ती पुढची क्रियापदं म्हणून घेत होती. मीही तिच्यामागून म्हणत राहिले. तास संपेपर्यंत रडले नाही.

बऱ्याच दिवसांनी मी स्वयंपाक्याला लिहिलं, प्रत्येक रेघ जागच्या जागी देऊन: त्याने फोन का केला? उत्तर आलं: माहीत नाही. काही बोलला नाही. भात जेवला आणि वर केबिनमध्ये गेला.

आईने विचारलं, "काय लिवलाय त्याने?"

"जेवला होता म्हणे."

"पोटभर?"

तेवढं त्याने लिहिलं नव्हतं. "हो," मी म्हणाले.

फोनचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.