शेवटच्या पिठाची भाकरी

लोणखेड्याचा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा मिस्तरी जेवताना उठत नाही. गिऱ्हाईक कोणीही असो, तो स्टुलाकडे बोट दाखवतो आणि सावकाश दादर ज्वारीची भाकरी मोडत राहतो. मला हा उद्धटपणा वाटत असे.

तो काही वर्षे आखातात नोकरीला होता. तिथे भारताचा फुटबॉल सामना ठरला, तेव्हा त्याने फार आधी तिकीट काढून ठेवले. त्या दिवशी मैदानाच्या फाटकावरच्या शिपायाने त्याच्याजवळची भाकरी पाहिली आणि ती टाकून आत जाण्यास फर्मावले. हा बाहेर पायरीवर बसला आणि भाकरी संपवूनच आत गेला. तोवर भारताचा एकमेव गोल होऊन गेला होता.

परवा मी माझी मोटार घेऊन गेलो, तेव्हा तो जेवतच होता. शेजारच्या कापडवाल्या शेठने नेहमीचा टोमणा मारला, "मिस्तरी, तू मॅच देखाले गयथा का भाकर खावाले?"

त्याने घास गिळला. "शेठ, गोल त्या टीव्हीवर परत परत दखाडतस. मायनी धाडेल पीठनी शेवटली भाकर व्हती ती. फेकी कशी देऊ?"

"आन् तो शिपाई?"

"अर्धी त्याले बी दिधी. ठेचा खाईसन रडना तो!"

शेठ हसला. माझ्या शेतात कांदा पाण्यावाचून उभा होता आणि मिस्तरीच्या डब्यात अजून एक भाकरी होती.

मी स्टूल ओढून घेतले.